तळ्यात गेलेली दारे

राणीसावरगावच्या अलीकडे जीप सोडली की गावापर्यंत चालत यावे लागते. गावाच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. गिरणीसमोर दळणाला आलेल्यांसाठी बाक नाही; दार आहे. दोन दगडांवर आडवे टाकलेले जुने सागवानी दार, तीन फळ्यांचे, मागून आडव्या पट्ट्या मारलेले. त्याच्या दोन कोपऱ्यांत दोन भोके आहेत, अंगठा सहज आत जाईल एवढी. कडीसाठी भोक पाडतात ते मधे, छातीच्या उंचीवर. ही भोके तिथे नाहीत. ती अगदी टोकाला, पायाशी आहेत, आणि आतून इतकी गुळगुळीत झाली आहेत की बोट फिरवले तर लाकडाची शीर हाताला लागत नाही.

बाहेरगावचा माणूस त्यावर बसतो, पाणी पितो, भोकाकडे बघतो आणि विसरतो. या गावात वाढलेल्याला ते जमत नाही. फळ्यांच्या सांध्यांत राखाडी माती घट्ट बसली होती. मी बसल्या बसल्या नखाने थोडी उकरून नाकाशी नेली. गिरणीत ज्वारी दळली जात होती, गरम पिठाचा वास सगळीकडे भरला होता, तरी त्याच्याखालून तो दुसरा वास आलाच. शेवाळ, कुजलेला लव्हाळा, शिंपले, उन्हात तापलेला ओला गाळ. तळ्याचा वास.

त्या वर्षी पाऊस गावावर पडला नाही, डोंगरावर पडला.

निजामाची अमदानी होती. दूर कुठेतरी लढाई चालली होती आणि तिच्यामुळे रॉकेल मिळत नव्हते, एवढाच तिचा गावाशी संबंध. आमच्या घरात ते वर्ष वेगळ्या खुणेने लक्षात राहिले. खरिपाची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन उभी वाळली. तिच्या पानांतून वारा गेला की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. पोळा होऊन गेल्यावर डोंगरात एकदाच ढग फुटला. ओढे तांबडे होऊन आले, रात्रभर वाहिले आणि सकाळी थांबले. शेतांवर शिंतोडाही नाही. तळे मात्र अर्धे भरले. तळे खोलात, शेते वर. पाणी वर चढवायला मोट होती, पण मोट ओढायला बैलांच्या अंगात ताकद उरली नव्हती. सगळे गाव तळ्याच्या पाळीवर उभे राहून त्या तांबड्या पाण्याकडे बघत होते. पाण्यात पाणकोंबड्या पोहत होत्या. त्यांना काही फरक पडला नव्हता.

पेव उघडायचा दिवस आठवतो. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत रांजणासारखे फुगत गेलेले धान्याचे कोठार. तोंडावरची माती काढली, दगड सरकवला, की कोणी लगेच उतरत नसे. आतला वास आधी बाहेर येऊ द्यायचा: आंबूस, उबदार, डोक्यात चढणारा. मग दोरीला बांधून दिवा सोडायचा. दिवा विझला तर आणखी थांबायचे. जळत राहिला तर माणूस उतरायचा आणि खालून त्याचा आवाज यायचा, घागरीत बोलल्यासारखा. त्या वर्षी दिवा पहिल्याच खेपेला जळत राहिला. आत कोंडून राहायला फारसे धान्यच नव्हते. आबा, म्हणजे माझे वडील, खाली उतरले, खराट्याने झाडल्याचा आवाज आला, आणि ते वर आले तेव्हा त्यांच्या मिशांना भुस्कट लागले होते.

घरात आता ज्वारी उरली ती आढ्याला. बियाण्याची कणसे निवडून, त्यांच्या पेंड्या बांधून चुलीच्या वर टांगलेल्या असत. वर्षभर धूर खाऊन त्या काळ्या पडत. धुराने कीड लागत नसे. त्या दोन पेंड्यांच्या खाली बसून आम्ही जेवायचो. कण्या संपल्या, तांदुळजाची भाजी संपली, रानातल्या कडवंच्या उकडून झाल्या, तरी कोणी मान वर करून त्या पेंड्यांकडे बघत नसे. बघू नये असे कोणी सांगितले नव्हते.

दिवाळीनंतर पाणी सरू लागले. कडेची जमीन उघडी पडली, काळी, साबणासारखी चकचकीत. तळे सरकारी होते आणि त्याची राखण चाँदमामूकडे होती. पितळी बिल्ला लावलेला पट्टा छातीवर, हातात बांबू, आणि आवाज असा की पाळीच्या या टोकाला बोललेले त्या टोकाला ऐकू जायचे. गावाच्या सांगण्यावरून तो गंगाखेडला तहसिलीत जाऊन आला आणि पाळीवर उभा राहून त्याने हुकूम सांगितला.

"साहेब बोले, पेरा. मगर कडेकडेनं. बैल आत नक्को. तालाबाच्या पोटात बैल दिसला तर मी बांधून नेणार, मंग कुनाचा बी असू दे."

गावाने कडेची पट्टी पेरायची ठरवली, आणि गाव वापशाची वाट बघू लागले.

काळ्या रानातला माणूस ओल्या जमिनीत पाय घालत नाही. ओली आहे तोवर ती नांगराला चिकटते, कोरडी झाली की दगड होते. या दोन्हींच्या मधे काही दिवस ती हाताला गार लागते, पण चिकटत नाही. तो वापसा. माती चार बोटे खोल उकरून उचलायची, मुठीत दाबायची आणि सोडून द्यायची. ढेकूळ पडून फुटले की तिफण बाहेर काढायची. बापाने मुलाला शिकवायची पहिली गोष्ट ही. रोज सकाळी गावातले जाणते पुरुष धोतर वर खोचून तळ्याच्या कडेला जात, गाळ मुठीत दाबत, सोडत आणि मान हलवत. गाळ चिकटत होता. दुसऱ्या दिवशीही चिकटला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग एका सकाळी मूठ घालायला गेलेल्या माणसाच्या बोटाचे नख उलटले. गाळ वरून दगड झाला होता, भेगांनी फुटला होता, आणि भेगेत हात घातला तर खाली अजून चिखल. मधले ते काही दिवस आलेच नाहीत. तळ्याच्या गाळाला वापसा नसतो, हे त्या सकाळपर्यंत गावात कोणाला ठाऊक नव्हते. ठाऊक असायचे कारणही नव्हते. तळ्यात कोणी कधी पेरलेच नव्हते.

तरी तिफणी काढल्या. फण दगडावर घसरावेत तसे घसरले. चाड्यावर मूठ धरलेल्या बाया बी सोडत होत्या आणि ते भेगांत जात होते, किती खोल ते दिसत नव्हते. आमच्या दोन पेंड्यांपैकी एक तिथे गेली. आमचा एक बैल भेगांवरून भडकला, पाण्याच्या बाजूला उतरला आणि पोटापर्यंत रुतला. त्याला काढताना बियाण्याची थैली चिखलात सांडली. चाँदमामू बांबू घेऊन धावत आला, बैलाला बघून त्याने बांबू टाकला आणि शेपटीकडून रेटायला लागला.

"मामू, बांधून नेनार व्हता ना?" कोणी तरी विचारले.

"पहले निकलने तो दे, बाप्पा!"

पट्टीत काही उगवले नाही. मुंग्यांची रांग लागली, साळुंक्या आल्या, मग त्यांनीही येणे सोडले.

गाव हलू लागले. वऱ्हाडात कापूस वेचणीला माणसे लागतात, अशी बातमी होती. बैलगाड्या भरताना आवाज फार होत नसे. भांडी गोणपाटात गुंडाळली जात. लोक जाताना दारही काढून नेत. त्या काळी आमच्याकडे दारांना बिजागऱ्या नसत. दाराच्या कडेला वर-खाली दोन लाकडी खुंट्या असत आणि त्या चौकटीच्या खळग्यांत फिरत. दार उचलले की निघायचे. लाकूड मौल्यवान होते, आणि मागे राहिलेले दार जळणात जाई. ज्या घराला दार नाही, ते घर गेले, असे समजायचे.

आबांनीही ठरवले. गाडी अंगणात उभी राहिली. जाते चढले, ट्रंक चढली, घोंगड्या चढल्या, शेवटी दार उचलून वर आडवे टाकले. आढ्याची उरलेली पेंडी माय सोडत होती.

"ती समद्यात वर ठिव," आबा म्हणाले. "दाबली नाई पायजे. बी संगं असलं तर मान्सं परत येतेत. बी गेलं तर कशाला येतेत?"

आबांचे म्हणणे बरोबर होते. त्यात आजही चूक काढता येत नाही. ती एक पेंडी म्हणजे परत यायचा रस्ता होता.

निघण्याआधी माय पाणी आणायला तळ्यावर गेली आणि रिकामी घागर घेऊन परत आली. बैल रुतला होता त्या जागी ती थांबली होती. खुरांच्या खड्ड्यांत, जिथे थैली सांडली होती, तिथे ज्वारी उगवली होती. एकेका खड्ड्यात मूठभर, दाट, बोटभर उंच, रानात इतका हिरवा रंग कुठेच उरला नव्हता. पेरलेले सगळे मेले होते आणि सांडलेले जगले होते.

मायने घागर खाली ठेवली. तिने गाडीवरचे दार ओढून खाली पाडले. मोठा आवाज झाला. बैल दचकले.

"दार कुटं न्यायलीस?" आबा ओरडले.

"तळ्यात."

"तळ्यात कोन ऱ्हायलंय तुजं?"

"बी ऱ्हायलंय. उगवलंय आपलं. वापशाची वाट बघून चुकलो आपन. पानी हटलं की त्याच दिशी चिखलात टोबायचं. बैल न्हाई, तिफन न्हाई. बोटानं."

"चिखलात पाय ठिवून दाव. मांडीपातूर जाशील."

"म्हनूनच दार न्यायले."

तिने पेंडी काखेत मारली. आबांनी हात पुढे केला, पण पेंडी हिसकावली असती तर कणसे तुटली असती. त्यांनी हात मागे घेतला.

"एक रांग लावते," माय म्हणाली. "एकच. मंग निघू."

दार मी आणि तिने ओढत नेले. उंबऱ्यापासून तळ्यापर्यंत धुळीत त्याची रुंद खूण उमटली. वाटेवर रुक्मीणकाकू उभ्या होत्या. शेजारचे घर त्यांचे. जिभेला धार अशी की भांडायला पाटलीणबाईसुद्धा त्यांना टाळत.

"अगं पारू," त्या मायला म्हणाल्या, "घराचं दार काढलंस अन् आता तळ्याला दार बसवायलीस व्हय? कडी आतून लावनार का भाईरून?"

"तुमी आत गेल्यावर भाईरून लावते," माय म्हणाली.

काकू हसल्या आणि मागोमाग आल्या.

गाळावर दार टाकले तेव्हा ते थोडे दबले, कडेने पाण्याचे बुडबुडे आले आणि ते थांबले. माय त्यावर गुडघे टेकून बसली. दार बुडले नाही. तिने पुढे वाकून गाळात बोट खुपसले, तीन दाणे टाकले, तळहाताने वरून पुसले. पुन्हा बोट, दाणे, पुसणे. दाराची रुंदी संपली की ती थांबे आणि मी चिखलाबाहेरच्या कडक कडेवरून दार पुढे ओढायचा प्रयत्न करी. हात घसरत. काकू बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोर लाव की रे त्याला. दार हाय, म्हस न्हाई कान धरून वडायला."

चाँदमामू आला. सगळे थांबले. त्याने दाराकडे पाहिले, मायकडे पाहिले, मग लांब तहसिलीच्या दिशेने पाहिले.

"हुकूम बैलाचा हाय," तो सावकाश म्हणाला. "दाराबद्दल साहेब काय बी बोलले न्हाई." आणि थोडे थांबून, "पुछूंगा बी नै."

एक रांग झाली. माय उठली नाही. दुसरी झाली. पाळीवर आबा येऊन बसले होते, पाठ तळ्याकडे करून. पेंडीतली कणसे एकेक करून मोकळी होत होती. रिकामे कणीस ती शेजारी ठेवत होती, नीट रचून, घरातल्यासारखे. दुपारी शेवटचे कणीस चोळले आणि हात चिखलात बुडवून धुतले. परत यायचा रस्ता तळ्यात गेला होता.

आबा त्या दिवशी निघाले नाहीत. गाडीही उतरवली नाही. "कोंब दिसला तर बगू," एवढेच म्हणाले. अंगणात भरलेली गाडी, बैल खुंट्याला, घराला दार नाही. चौकटीत एक टाकून दिलेली फाटकी घोंगडी टांगली होती. वाऱ्याने ती आत फुगायची आणि बाहेर फुगायची, घराने श्वास घ्यावा तशी.

पाण्याच्या अगदी कडेला टोबलेले कुजले. काढून पाहिले तर दाणा मऊ, आंबट वासाचा. पण एका दाराची जागा सोडून मागे टोबलेले उगवले. सकाळचे ऊन तिरपे असताना पाळीवरून आधी काहीच दिसत नव्हते. मग डोळा स्थिरावला आणि ती रांग दिसली. टाचणीएवढे कोंब, पण रांग सरळ. माय खाली उतरली नाही, पाळीवरच उकिडवी बसली. आबा उठून घरी गेले. आम्ही परतलो तेव्हा गाडीवरची ट्रंक खाली होती. फक्त ट्रंक.

दुसऱ्या दिवशी रुक्मीणकाकूंनी आपले दार काढले.

मग महादू सुताराला उसंत मिळाली नाही. तो दार उचलायचा, आडवे टाकायचा आणि पायाकडच्या कोपऱ्यांत गिरमिटाने दोन भोके पाडायचा. सागाचा भुसा त्याच्या पायाशी साचायचा; ओल्या गाळाच्या वासात तो कडवट गोड वास मिसळला की सकाळ झाली असे वाटायचे. ज्यांच्याकडे बियाणे होते त्यांनी बियाणे आणले, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी दार आणले. हरभरा आला, करडई आली, कोणाच्या गाडग्यात राखेत पुरलेले जवस निघाले. पाटलांच्या वाड्याचे दुपाखी दार पितळी फुलांचे, जड; ते द्यायला पाटील तयार नव्हते. "गावात इभ्रत ऱ्हाईल का?" असे त्यांनी विचारले म्हणतात. पाटलीणबाईंनी गड्यांना बोलावले आणि दोन्ही पाखे तळ्याकडे पाठवून दिले. त्या एकेका पाख्यावर तीन तीन बाया बसत आणि पितळी फुले त्यांच्या गुडघ्यांना टोचत, म्हणून पाटलांना रोज शिव्या बसत. मारुतीच्या देवळाचे दार आले. चाँदमामूने मशिदीचे दार आपल्या डोक्यावर आणले, आणि ते कोणाला ओढू दिले नाही. दोर त्याचा, खांदा त्याचा.

गावाला दारे नव्हती, असे दिवस मी तेवढेच पाहिले. वेशीतून आत आले की एका घरातून दुसरे घर दिसायचे, दुसऱ्यातून तिसरे, आणि शेवटच्या घराच्या मागच्या चौकटीतून डोंगर. कुत्री कुठूनही आत जायची, कुठूनही बाहेर यायची. कोणाच्या चुलीवर काय आहे हे लपत नव्हते. बहुतेक चुलींवर एकच असायचे, म्हणून लपवायचेही काही नव्हते. नवऱ्याचे आणि बायकोचे भांडण सगळ्या आळीला ऐकू जायचे आणि आळी त्यात बोलायची. म्हातारी माणसे चौकटीत बसून राखण करत. ती कशाची राखण करतात, ते त्यांना विचारले तर हसत.

आणि तळ्यात दारे. पाणी रोज थोडे मागे सरायचे, त्याच्या मागे दारे सरायची. सकाळी माय पाण्याच्या काठावर लव्हाळ्याची काडी रोवायची. दुसऱ्या दिवशी काडी कोरड्यात असायची आणि काडीपासून मागची ती नवी पट्टी आमची. दोर खांद्यावर घेऊन आम्ही बाहेरून ओढायचो. "वड!" ओरडले की दार पुढे जायचे आणि गाळातून चुळूक चुळूक आवाज यायचा, शेकडो तोंडे एकदम पाणी पितात तसा. बाया गाणी म्हणायच्या, मधेच थांबून एकमेकींच्या सासवांना नावे ठेवायच्या, पुन्हा गायच्या. एकदा रुक्मीणकाकूंचे दार कलले आणि त्या कमरेपर्यंत गाळात गेल्या.

"कडी भाईरून लावू का आता?" माय म्हणाली.

"वड आदी, मेले!" काकू ओरडल्या. हसणाऱ्यांकडून दोर ओढला जाईना, म्हणून त्या बराच वेळ तिथेच राहिल्या.

संक्रांतीच्या सुमारास तळ्यात पायऱ्या दिसू लागल्या. कडेला कमरेएवढी गर्द ज्वारी, तिच्या आत गुडघ्याएवढी, मग वीतभर, मग बोटभर, मग काळा गाळ, आणि मधे आकाशाच्या रंगाचे पाणी, रोज लहान होत जाणारे. एकाच नजरेत पेरणीपासून कणीस पोटरीत येईपर्यंतचे सगळे दिवस. वारा आला की ही पायरी आधी हलायची, ती नंतर. वरची सगळी शेते पांढरी पडलेली आणि मधे हा हिरवा वाडगा. आजूबाजूच्या गावांतली माणसे बघायला यायची आणि पाळीवर चढल्यावर बोलायची थांबायची. चाँदमामू त्यांना बांबूने दाखवायचा. "वो हिरवं हाय ना, वो मशिदीच्या दाराचं. त्याच्या बाजूला मारुतीचं. फरक दिसतो का? बगा नीट. न्हाई दिसनार."

आबा रोज एक वस्तू गाडीवरून उतरवत होते. पातेली उतरली. घोंगड्या उतरल्या. दिवसाला एकच, जास्त उतरवले तर काही मोडेल, अशी त्यांना धास्ती असावी. शेवटी जाते राहिले. एकट्याने उचलण्यासारखे नव्हते, आणि ते कोणाला हात लाव म्हणत नव्हते.

हुरडा आला तेव्हा तळ्याच्या काठी आगटी पेटवली. पहिले कणीस मायने पाळीखालच्या सात शेंदरी दगडांपुढे ठेवले. तळ्यातल्या आसरा त्या, पाण्याच्या देवी; तळे खरे त्यांचे. मग कणसे विस्तवात गेली. कोवळा दाणा भाजल्याचा वास गोड असतो, दुधाचा आणि धुराचा. तो त्या दिवशी दार नसलेल्या प्रत्येक घरात शिरला, अडवायला काही नव्हतेच. गरम कणीस तळहातांत चोळले की दाणे हिरवे, ओलसर, चमकदार पडत. आबांनी पहिली मूठ तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिले. मग मला म्हणाले, "चल. जात्याला हात लाव."

जाते अंगणात उतरले, तेव्हा त्याचा जमिनीवर आदळल्याचा आवाज शेजारच्या घरांतूनही ऐकू गेला. रुक्मीणकाकू चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. "उतरलं का?" त्यांनी विचारले. "उतरलं," माय म्हणाली.

फाल्गुनात खळे तळ्याच्या पोटातच केले. कडक झालेला गाळ शेणाने सारवला की त्याच्यासारखी जमीन नाही. बैलांना आत यायची परवानगी चाँदमामूने स्वतःच्या तोंडाने दिली आणि वर पाळीवर जाऊन तहसिलीच्या दिशेला पाठ करून बसला. वऱ्हाडात गेलेल्यांतली काही घरे परत आली. पेव पुन्हा साफ केले, आतून शेकले, तळाला आणि कडेला कडब्याचा थर दिला. टोपली आत रिकामी होताना जो आवाज होतो, तो आधी लांबून, खोलवरून येतो. टोपल्या पडत जातात तसा तो जवळ येत जातो, बारीक होत जातो. शेवटी नुसती सळसळ. दगड सरकवून माती लिंपली. माय मात्र खळ्यावरून आधीच उठली होती. कडेच्या पहिल्या पायरीतली भरदार कणसे तिने वेगळी काढून ठेवली होती. चुलीवर आढ्याला दोन पेंड्या पुन्हा टांगल्या गेल्या, हिरवट पिवळ्या, अजून धूर न खाल्लेल्या.

दारे परत बसवताना गोंधळ झाला. गाळात राहून ती फुगली होती, मग उन्हात वाळून आक्रसली. कोणते कोणाचे, ते ओळखू येईना. आमच्या चौकटीत जे दार गेले ते वरून बोटभर तोकडे होते; आमचे बहुधा काकूंच्या घराला लागले, कारण ते कुरकुरायचे तसे आता पलीकडून कुरकुर ऐकू यायची. महादू म्हणाला, बदलून देतो. कोणी बदलून घेतले नाही. वरच्या फटीतून सकाळी उन्हाची एक पट्टी आत यायची आणि बरोबर जात्यावर पडायची.

पुढे काही वर्षांनी ऊन उतरायच्या आत दारे बंद होऊ लागली, आतून अडसर लागू लागले, आणि माणसे दाराआड हळू बोलू लागली. मग एका सप्टेंबरात निजामाची अमदानी संपली आणि ती दारे पुन्हा उघडली. त्या सगळ्या वर्षांत पाणी सरले की दारे तळ्यात जात राहिली. एकही वर्ष चुकले नाही. माय गेली, आबा गेले, चाँदमामूचा बिल्ला त्याच्या नातवाच्या घरी खुंटीला आहे. पेव बुजले. जात्याचा वरचा पेड मी आता आलो तेव्हा गोठ्यात पाहिला, वासराचे दावे त्याला बांधले होते.

गिरणी थांबली. अचानक शांत झाले, आणि त्या शांततेत मागून पावले वाजली. तीन बाया. दोघी तरण्या, एक प्रौढ. प्रौढ बाईच्या खांद्यावर नायलॉनच्या दोराचे वेटोळे होते.

"काका, उटा जरा," ती म्हणाली. "दार न्यायचंय."

"कुठे?"

"तळ्यात. पानी सरायलंय की."

गल्लीतून आणखी दारे येताना दिसली. घरांना आता लोखंडी दारे आहेत. लोखंडी दार गाळात बुडते. म्हणून जुनी लाकडी दारे घराघरांत ठेवलेली आहेत: कोणाकडे बाक म्हणून, कोणाकडे गोठ्याच्या भिंतीला टेकवून, कोणाकडे पापड वाळत घालायला. त्यांच्या पायाशी दोन भोके असतात. तिने दोर भोकातून ओवला. हात न बघता, सवयीने.

मी उठलो. विचारायचे नव्हते, पण विचारले गेले. "वापसा आला का?"

तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. तरण्यांपैकी एक म्हणाली, "वापशाची वाट बगत बसलो तर ही गिरनी कशावर चालंल, काका?"

त्यांनी दार उचलले. दोराचे एक टोक मोकळे होते. ते मी धरले.